मुनीमजींचा हिशोब

मलकापुरात गालिचे धुऊन पोट भरणार म्हटल्यावर लोक हसले होते. गालिचा अंथरलेली घरं गावात असतील तरी किती? पण माझी नजर घरांवर नव्हतीच, बिछायत केंद्रांवर होती. मोताळा-नांदुऱ्यापर्यंतच्या लग्नांना सतरंज्या, गाद्या आणि स्टेजवरचा तो लाल गालिचा हीच मंडळी पुरवतात. तुळशीचं लग्न लागलं की आषाढापर्यंत माल मळतच राहतो.

काम होतं, पैसा उरत नव्हता. तो कसा उरतो हे शिकवलं गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मुनीमजींनी. त्यांची उमर जिनिंगमध्ये गेली, एकशे सत्तर किलोच्या गाठी मोजण्यात. मी साबण, पाणी, मजुरीची वही पुढे केली, तर त्यांनी ती मिटूनच ठेवली.

"पयले मले हे सांग, वल्ली सतरंजी पोट्टे किती येळा उचलतात?"

हौदातून ओट्यावर, ओट्यावरून नळाखाली, तिथून वाळवणापर्यंत. सुती सतरंजी पाणी प्यायली की चौघांना आवरत नाही.

"मजुरी धुण्यात नाई जात लेका, उचलण्यात जाते."

मग हौद बुजवला. ओट्याला उतार दिला. घासणं, खळबळणं, फळीनं पाणी निथळणं सगळं जागच्या जागी, आणि वाळवणाचे बांबू ओट्याला लागूनच. दोन माणसं मोकळी झाली, ती झोडपण्यावर लावली. आमची काळी माती भिजली की चिखल होऊन धाग्यात बसते. कोरड्यातच सतरंजी पालथी घालून काठीनं झोडपली तर अर्धा मळ पाण्याआधीच पडतो.

हळदीच्या डागांचं ऋण मुनीमजींच्या घरच्या माईंचं. साबण लागला की हळद लालभडक होते आणि गिऱ्हाइकाचा जीव जातो. माई म्हणाल्या, साबण धुऊन काढ, डाग उन्हात उघडा ठेव, बाकीच्या भागावर जुनं लुगडं टाक म्हणजे रंग उडणार नाही. मलकापूरच्या एप्रिलमधल्या उन्हापुढे हळद टिकत नाही. (या उन्हाला शिव्या घालणाऱ्यांत मी नसतो.) लोकरीचा गालिचा मात्र सावलीत, वाऱ्यावरच वाळवायचा.

मुनीमजींचा दुसरा धडा गाडीचा. धुतलेला माल पोचवून गाडी रिकामी परतली, तर डिझेल आपल्या खिशातून. म्हणून त्या वाटेवरचा मळका माल आधी ठरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. खरी कमाई तिथून सुरू झाली.

या सगळ्याचा मोबदला म्हणून त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही. दिवाळीला धोतरजोडी नेली, ती माईंनी चिवड्याच्या डब्यासकट परत पाठवली. नातीच्या लग्नात त्यांच्या घरच्या सतरंज्या धुऊन नांदुऱ्याच्या मंगल कार्यालयात पोचवल्या आणि मुद्दामच बिल केलं नाही. चौथ्या दिवशी म्हातारा स्वतः काठी टेकत आला. बिल लिहायला लावलं, चष्मा चढवून वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"येताना तू तिकडचा माल भरून आणला ना? मंग परतीचं भाडं माह्याकडून कायचं?"

ती ओळ खोडली आणि उरलेले पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.