सौदापट्टी आणि कमिट

आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या एसएपी या कंपनीच्या प्रणालीत खरेदी, साठा आणि हिशेब एकाच ठिकाणी नांदतात. तिच्याबाहेर जावा भाषेत लिहिलेला प्रोग्राम तिला जोडायचा, तर ‘जावा कनेक्टर’, बोलीत ‘जेको’, हा दुवा लागतो, आणि त्यातून हाक मारता येणाऱ्या तयार फंक्शनांना ‘बापी’ म्हणतात. सर्व्हरचा पत्ता, सिस्टिम क्रमांक, क्लायंट क्रमांक, युजर आणि पासवर्ड दिले की जोडणी होते. खरे कसब त्यापुढे लागते.

नाशिक जिल्ह्यातल्या कळवणला कांद्याचा लिलाव झाला, की शेतकऱ्याच्या हाती सौदापट्टी पडते, परंतु मालाचा ट्रॅक्टर खळ्यावर रिकामा होऊन काटा होईपर्यंत, आणि प्रतीवरून वांधा निघाला तर तो मिटेपर्यंत, सौदा पुरा झाला असे कोणी मानत नाही. अशा खळ्यावरचा काटापट्टीचा जावा प्रोग्राम एखाद्या निर्यातदाराने एसएपीशी जोडला, तर खरेदी ऑर्डरची बापी दहा अंकी क्रमांक तत्परतेने परत देते. हा क्रमांकही सौदापट्टीच होय, कारण ‘कमिट’ची, म्हणजे नोंद कायम करण्याची, वेगळी बापी चालवल्याशिवाय ती ऑर्डर प्रणालीत सापडत नाही. त्यातही मेख अशी, की जेको एरवी प्रत्येक हाकेनंतर सत्र मोकळे करतो, त्यामुळे मागून धाडलेले कमिट दुसऱ्याच सत्रात पडते, कोणतीही चूक न दाखवता वाया जाते आणि छापलेल्या क्रमांकामागे ऑर्डरच उरत नाही. म्हणून दोन्ही हाका एकाच सत्रात बांधणारे ‘जेको कॉन्टेक्स्ट’ आधी उघडावे आणि काम संपल्यावर बंद करावे लागते.

पुरवठादाराच्या क्रमांकाचे दुखणे त्या मानाने किरकोळ, पण हटकून उद्भवणारे आहे: पडद्यावर १२३४ दिसणारा क्रमांक आत ००००००१२३४ असा दहा अक्षरांचा असतो, आणि पडद्यामागे आपोआप भरली जाणारी ही शून्ये बापीला हाक मारताना प्रोग्रामनेच भरायची असतात.

कमिट धाडल्यावर, उत्तर येण्याआधी लाइन गेली, तर मात्र नोंद झाली की नाही हे जावा प्रोग्रामला कळत नाही, आणि घाईने ऑर्डर पुन्हा धाडल्यास एकाच ट्रॅक्टरच्या दोन ऑर्डरी होतात. म्हणून काटापट्टीचा क्रमांक ऑर्डरच्या संदर्भाच्या रकान्यात आधीच घालून ठेवावा आणि पुन्हा धाडण्यापूर्वी त्याच क्रमांकाची ऑर्डर एसएपीत आहे का, हे विचारून घ्यावे.