अम्मीची पाकी
अम्मीला आम्ही भावंडांनी वाटून घेतलेलं नाही. ती कधी बारामतीला असते, कधी इंदापूरला. सोबत डायपरची पिशवी. बाहेरून प्लास्टिक असलेला डायपर ओल अडवतो, चिकटपट्टी काढून पुन्हा लावता येते. पण उन्हाळ्यात कातडी उबते, कूस बदलली की तो कुरकुरतो. बाहेरून कापडासारखा असलेला मऊ, बिनआवाजी. म्हणून घरात दिवसा कापडी, रात्री आणि एसटीत प्लास्टिकचा.

पण 'मी नापाक' म्हणत अम्मीनं नमाज सोडली होती. लघवी न थांबणाऱ्या माजुराला शरीअतनं सवलत दिली आहे: स्वच्छ होऊन दर नमाजेच्या वेळी नवा वजू करावा. हे पटल्यावर ती खुर्चीवर बसून नियत बांधू लागली. आता नमाजेआधी कापडी डायपर ती स्वतःच मागते. सजद्याला वाकताना तो कुरकुरत नाही.