चाकांच्या खुर्चीतून सारसबाग

घरात चाकांच्या खुर्चीवरचं माणूस असलं, की बाहेर न्यायचं म्हणजे दवाखान्यातच, असं आपण धरून चालतो. सदाशिव पेठेतल्या मैत्रिणींनो, फिरायलाही न्या की!

एखाद्या सकाळी दुकानं उघडायच्या आत विश्रामबागवाडा गाठा. दुसऱ्या बाजीरावाचा हा १८०७ सालचा वाडा. माडीला जिना आहे खरा, पण दर्शनी भागाचं कोरीव लाकूडकाम रस्त्यावरूनच डोळे भरून पाहता येतं.

दुसऱ्या खेपेला सारसबाग. तळ्यातल्या गणपतीची स्थापना १७८४ सालची. तळं केव्हाच बुजलं, नाव तेवढं राहिलं. देवळाला पायऱ्या आहेत. सार्वजनिक जागी सर्वांना जाता यावं, असं २०१६ चा कायदा सांगतो, पण पायऱ्यांना कायदा कुठला कळायला! चौघांनी खुर्ची उचलायची असेल, तर आधी खुर्चीतल्या माणसाला विचारा. सामानासारखं उचललेलं कुणाला आवडेल? नको म्हणाले, तर खालच्या बागेतूनच कळसाला नमस्कार करावा.

उतारावर मात्र खुर्ची उलटी फिरवून, आपण पाठीमागं पावलं टाकत सावकाश उतरवावी. आणि वाटेत भेळ घेतलीत, तर पैसे त्यांनाच देऊ द्या.