कड्यावरचा मी, खाडीवरचा तो

समुद्राशी शर्यत लावायची तर घाटमाथ्यावरच्या माणसानं आधी कुरवांवर पाणी सोडावं. जानेवारीत भाट्याच्या वाळूवर एक थवा उतरला, की रत्नागिरीतला माझा मित्र चहा निवायच्या आत कुरव, सुरय, चिखले, तुतवार अशा नोंदी करून मोकळा होतो. त्याच वेळी मी कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या धुक्यात, एका अंजनीखाली मान वर करून उभा असतो आणि वर पानांत काहीतरी ‘टिक्’ म्हणालेलं असतं. ते कोण होतं हे ठरेपर्यंत त्याचा दुसरा कप झालेला असतो. तरी आमची पक्ष्यांची स्पर्धा बरीच वर्षं चालू आहे आणि ती बरोबरीची आहे. कशी, तेच सांगतो.

आंबा आणि रत्नागिरी जवळजवळ एकाच अक्षांशावर, सतराव्याच्या आसपास. हवाई अंतर पन्नासेक किलोमीटर. घाटमाथ्यावरचा पाऊस पूर्वेला वळला तर कडवीत, तिथून वारणेत, पुढं कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. तोच पश्चिमेला उतरला तर साखरप्याकडून काजळी नदीला मिळून थेट भाट्याच्या खाडीत. मित्राचे तुतवार ज्या गाळात चोच खुपसतात, त्यातला काही माझ्या कड्यावरून वाहून गेलेला असतो. हे मी त्याला दर वर्षी ऐकवतो. तोही दर वर्षी न ऐकल्यासारखं करतो.

आम्ही खेळतो तो ‘पॅच’चा खेळ. पॅच म्हणजे घराजवळचा, उठून चालत जाता येईल असा तुकडा. हद्द आपणच आखायची आणि मग वर्षभर तिच्याशी इमान राखायचं. ब्रिटनमध्ये २०१३ साली ‘पॅचवर्क चॅलेंज’ या नावानं अशी स्पर्धा सुरू झाली. तिथली तीन चौरस किलोमीटरची मर्यादा आम्ही उचलली. आकार कसाही चालतो, क्षेत्रफळ वाढता कामा नये. आंबेश्वराची देवराई हवी, मानोली धरणाचा थोडा काठ हवा, भातखाचरं हवीत आणि घाटाची कडाही सोडवत नाही, या हव्यासापायी माझा पॅच नकाशावर वाऱ्यानं उडालेल्या धोतरासारखा दिसतो. मित्राचा सुटसुटीत आहे: वाळू, खाडीचं मुख, सुरूचं बन आणि मागची माडाची झाडं.

नुसत्या जाती मोजल्या तर अशा दोन जागांची तुलनाच होत नाही. म्हणून गुण ठेवले. बारमाही, हमखास दिसणाऱ्या पक्ष्याला एक, हिवाळी पाहुण्याला दोन, त्या जागी अनपेक्षित असेल त्याला तीन किंवा जास्त. वर्षाची बेरीज समोरच्याच्या बेरजेशी लावायची नाही. स्वतःच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरीशी लावायची आणि टक्केवारी काढायची. जो स्वतःच्या पुढं जास्त गेला तो जिंकला. हरणाऱ्यानं जेवण घालायचं. तो हरला तर सुरमई, मी हरलो तर तांबडा-पांढरा. खर्चात मी जरा खाली राहतो, एवढंच.

या एका सूत्रानं खेळाचा नूरच पालटतो. दुर्मीळ पक्षी लागला तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर वर्ष काढता येत नाही. घात होतो तो साध्या पक्ष्याकडून. डोमकावळा माझ्याकडं पहाटेपासून ओरडत असतो, पण राखाडी मानेचा गावकावळा या जंगलपट्ट्यात सहजी येत नाही. मित्राकडं मासळीच्या टोपलीभोवती त्यांची जत्रा असते. मी मात्र गावकावळ्यासाठी घाटातल्या चहाच्या टपरीवर बसून राहिलेलो आहे. मालकाला वाटायचं, मास्तर गाडीची वाट बघताहेत. कावळ्याची वाट बघतोय असं सांगायची सोय नव्हती. वडापावच्या कागदाशी तो एकदाचा उतरला तेव्हा मी नको असताना आणखी एक चहा सांगितला. त्या एका गुणापायी मला कळलं, की गावकावळा आमच्याकडं हमरस्ता धरून वर येतो आणि टपऱ्या संपल्या की थांबतो. प्राणिशास्त्र शिकवण्यात हयात गेली, पण कावळ्याचा एवढा विचार मी पूर्वी केला नव्हता.

आमचं वर्ष दिवाळीच्या पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. व्यापाऱ्याची चोपडी उघडते त्या दिवशी आमचीही नवी वही. यात एक गोम आहे. अधिक महिना आला की वर्ष तेरा महिन्यांचं होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि पाडवा थेट १४ नोव्हेंबरला आला. आदल्या वर्षी तो २६ ऑक्टोबरला होता. त्या लांबलेल्या वर्षाची टक्केवारी कशी धरायची, यावर आमचं एकमत अजून व्हायचंय. राज्य शासनानं २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ ठरवला. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. आमची नवी वही बहुधा त्याच्याच मागंपुढं उघडते.

वर्षाचा उतारचढावही दोघांचा वेगळा. जून-जुलैत मित्राला वादळ पावतं. एरवी किनाऱ्याकडं न फिरकणारे खोल समुद्रावरचे पक्षी, मास्क्ड बूबीसारखे, वाऱ्यानं थकून कोकणच्या वाळूवर येऊन पडतात. बिचाऱ्यांची दैना असते, पण वहीत गुण चढतात. मित्र आधी पक्षी उचलून आडोशाला ठेवतो, वन खात्याला कळवतो आणि मगच वही काढतो, एवढं मात्र सांगायला हवं. माझ्याकडं त्या दिवसांत दोन हातांपलीकडचं दिसत नाही. जळवा मोज्यांतून वर चढतात. तेव्हा कान हीच दुर्बीण. उजाडायच्या आधी ओढ्याच्या खळाळावरून शीळकरी कस्तुराची शीळ येते, शाळेच्या वाटेवर उनाड पोरानं घालावी तशी, सूर लागता लागता भलतीकडं जाणारी. मेअखेरीस नवरंग येऊन बोलू लागतो. तो दिसला नाही तरी चालतो. ऐकलेला पक्षी आम्ही पुरा धरतो.

कानाची खरी परीक्षा हिवाळ्यात. देवराईत वटवटे येतात. हिरवट वटवट्या घ्या. चिमणीहून लहान, पाठ हिरवट, पोट मळकट, पंखावर एक फिकट रेघ, आणि तीही हंगामभरात झिजून जाते. तो क्षणभरही एका फांदीवर ठरत नाही. डोळ्यांनी ओळखायला गेलात तर मान मोडेल. पण तो दोन तुकड्यांत ‘च्यि-वीट’ म्हणतो, अगदी नेमानं. शेजारच्या झुडपातून नुसतं कोरडं ‘चक्’ आलं, तर तो बोरू वटवट्या. एवढा फरक कानात बसला की देवराईत उभ्या जागी किती वटवटे आहेत हे डोळे मिटूनही सांगता येतं. मित्राची परीक्षा उलटी: उन्हात तापलेल्या वाळूवर, थरथरत्या हवेतून, दोन चिखल्यांच्या चोचींची लांबी ताडायची. त्याला माझं जंगल मुकं वाटतं. मला त्याची खाडी सगळी एकाच रंगाची दिसते.

पक्ष्यांवरून चढाओढ ही काही आजची गोष्ट नाही. अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन तट पाडून शिकार करायची रीत होती. ज्या तटाची रास मोठी तो जिंकला. फ्रँक चॅपमन यांनी १९०० च्या नाताळात सुचवलं, की यंदा मारू नका, मोजा. सत्तावीस जणांनी पंचवीस ठिकाणी मोजणी केली आणि ती रीत आजतागायत चालू आहे. शिकारीतली ईर्ष्या तेवढी शिल्लक ठेवली आणि बंदूक काढून घेतली. कोल्हापूरकरांना हे नवं वाटू नये. शिकारीसाठी पाळलेले चित्ते सांभाळणारे चित्तेवान इथं होते आणि संस्थानाचं शिकारीचं रान असलेलं दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं.

आपल्याकडं मुंबईत २००५ पासून ‘बर्ड रेस’ सुरू झाली आणि मग शहराशहरांत पसरली. एक दिवस, गटागटानं, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत जमतील तेवढ्या जाती. मजा येते, नवी माणसं या छंदात येतात, माझी तक्रार नाही. पण त्यात गाडी फार पळते. चिखलातले रोहित उरकून जंगल, जंगल उरकून माळ. पक्षी दिसला, खूण केली, पुढं. पॅचमध्ये पुढं जायला जागाच नसते. त्याच वडाखाली परत यायचं असतं.

एका जागी बसून काय हाती लागतं याचा दाखला कोकण किनाऱ्यावरचाच आहे. १९३० मध्ये नोकरी नसलेले सालिम अली अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ती एकच वसाहत न्याहाळून त्यांनी दाखवलं, की खोपा नर विणतो, अर्धवट झालेल्या खोप्यांची पाहणी माद्या करतात, एखादी पसंत करून आत राहिली की नर दुसऱ्या खोप्याला आणि दुसऱ्या मादीच्या मागं लागतो. कुठंही पळापळ न करता केलेलं हे काम आहे.

आमच्या वह्या अर्थात त्या तोलाच्या नाहीत. पण त्यातली प्रत्येक फेरी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जाते, किती वेळ, किती चाललो आणि दिसलेलं-ऐकलेलं सगळं, या हिशेबासह. ‘सगळं’ हा शब्द कळीचा. सगळं नोंदवलं असेल तरच जे नोंदवलेलं नाही ते नव्हतं, असं पुढच्याला धरता येतं. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला आणि १७८ जाती तातडीच्या काळजीच्या ठरल्या. अशा हिशेबात दुर्मीळ पक्ष्याच्या एका फोटोपेक्षा त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन केलेली कंटाळवाणी यादी जास्त उपयोगी पडते. कंटाळवाणी यादी माणूस उगाच करत नाही. कुणाला तरी हरवायचं असलं की करतो.

हरवण्याची हीच खुमखुमी वाईट वळणही घेते. जूनमध्ये मोबाइलवर नवरंगाचा आवाज लावून झुडपाशी दबा धरलेली माणसं मी घाटात पाहतो. नराला वाटतं, हद्दीत दुसरा शिरला. चरायचं सोडून, घरटं सोडून तो त्या डबीशी भांडत बसतो. विणीच्या दिवसांत हे दिवसातून चार गटांनी केलं तर त्यानं पिलांना चारायचं कधी? कर्णा पक्षी तर मुळातच बुजरा. आमचा नियम सोपा आहे: आवाज लावला, की वर्षाचे सगळे गुण शून्य. घरट्याचा फोटो नाही, घरट्याची जागा सांगायची नाही. यावर लक्ष ठेवायला पंच नाही. मी एकटा देवराईत, तो एकटा खाडीवर. त्याची वही मी मानतो, माझी तो मानतो.

भांडण होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून. माणूस हद्दीत उभा असेल तर त्याला दिसलेला पक्षी धरायचा, मग तो हद्दीबाहेर उडत का असेना, हा आमचा जुना नियम. कड्यावर उभं राहिलं की साखरप्याच्या बाजूची दरी पायाखाली येते. पाऊस संपल्यावर हवा धुतलेली असते, कड्याला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर सर्पगरुड, मधुबाज, काळा गरुड घिरट्या घेतात. बरेचसे पलीकडच्या जिल्ह्यात. मित्राचा फोन ठरलेला: “मेल्या, अर्धा रत्नागिरी जिल्हा तुझ्या तीन किलोमीटरांत बसतो होय?”

नोव्हेंबरात अमूर ससाणे आले की वाद पेटतो. २०१३ मध्ये नागालँडमध्ये तिघांच्या पाठीवर उपग्रहाची यंत्रं बसवली होती. नागा, वोखा आणि पांगती ही त्यांची नावं. भारतीय द्वीपकल्प कापून, अरबी समुद्रावरून न थांबता ते आफ्रिकेत उतरले. त्याच वाटेवरचा एखादा थवा आंब्याच्या कड्यावरून सुटला, तर तास-दोन तासांत समुद्रावर असणार. मी फोन करतो, तो सुरूच्या बनातून आकाशाकडं बघत बसतो. थवा जरा दक्षिणेला सरकला की त्याला काहीच मिळत नाही आणि माझ्या वहीत तिप्पट गुण.

यंदाच्या पाडव्यापासून त्यानं नवा नियम मागितला आहे: मी कळवल्यावर त्यानं आकाश पाहिलं आणि ससाणे दिसले, तर गुण दोघांना अर्धे-अर्धे, नाही दिसले तर मलाही अर्धेच. मी उलट अट घातली आहे, की मग वादळात पडलेल्या बूबीचेही निम्मे गुण वर घाटात पाठवायचे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.