चिऊ, ते कुलूप काढू नकोस

प्रिय चिऊ,

लोकलच्या वेळापत्रकाचं तुझं पान मला मनापासून आवडलं. पण त्यावर डबल क्लिक केलं की क्रोम शेजारचीच डेटा फाइल वाचू देत नाही, म्हणून तू वैतागलीस, ते साहजिकच आहे. फाइल तुझी, लॅपटॉप घरचा! तरी मैत्रिणीने सुचवलेली, पानांना डिस्कवरच्या फाइली वाचू देणारी ती सेटिंग क्रोमच्या शॉर्टकटमध्ये टाकू नकोस.

वेबसाइटला पत्ता असतो. एका पत्त्यावरच्या स्क्रिप्टला दुसऱ्या पत्त्यावरचं सहसा वाचता येत नाही. डिस्कवरून उघडलेल्या पानाला असा पत्ताच नसतो. ते तू लिहिलंस की कोणी फॉरवर्ड केलं, हे ब्राउझरला कळायला मार्ग नाही. म्हणून तो प्रत्येक फाइलला परकी मानतो, आणि ते योग्यच आहे.

फायरफॉक्स पूर्वी सैल होता. सेव्ह केलेलं पान त्याच फोल्डरमधल्या इतर फाइली वाचू शकायचं, फक्त त्यांची नावं माहीत हवीत. एका संशोधकाने यातला धोका दाखवून दिला. अँड्रॉइडवरचं एक लोकप्रिय मेसेजिंग अॅप आलेल्या फाइलींना ठरावीक पद्धतीने नावं द्यायचं. त्यावरून आलेलं एचटीएमएल फायरफॉक्समध्ये उघडलं, की इतरांनी पाठवलेल्या फाइलींची नावं ताडून ते त्या वाचू शकत होतं. जुलै २०१९ मध्ये, ६८ व्या आवृत्तीत, ती मुभा बंद झाली.

आता त्याच घरच्या लॅपटॉपवरचं ताईचं डाउनलोड्स फोल्डर डोळ्यांसमोर आण. आधार, पॅन, फॉर्म १६, बोरिवलीच्या सोसायटीची बिलं, सगळं एकाच ठिकाणी. ती सेटिंग टाकून चालू केलेल्या क्रोममध्ये उघडलेलं कुठलंही सेव्ह केलेलं पान त्यांना हात घालू शकेल आणि वाचलेलं बाहेर पाठवूही शकेल. ताईला पत्ताही लागणार नाही. मला याचीच खरी काळजी वाटते.

तुझं काम अडणार नाही. वापरणाऱ्याने बटण दाबून स्वतः फाइल निवडली, तर ब्राउझर तेवढीच फाइल पानाच्या हाती देतो, तिचा डिस्कवरचा पूर्ण पत्ता मात्र सांगत नाही. नाहीतर पायथॉनचा छोटा सर्व्हर चालव आणि पान लोकलहोस्टवरून उघड. फक्त तो प्रोजेक्टच्याच फोल्डरमधून सुरू कर आणि १२७.०.०.१ ला बांधून ठेव. नाहीतर कॉलेजच्या वायफायवरच्या इतरांनाही ते फोल्डर दिसू शकतं. नाहीच जमलं, तर रविवारी मुलुंडला ये, दोघं बसून करू.

तुझा,
मामा