अबुकीरचा प्लग

परळी वैजनाथच्या शिवारात फवारणीच्या ऐन दिवसांत पेट्रोलवर चालणारा पंप अचानक बंद पडतो. गडी पाना लावून प्लग काढतो, काजळी घासतो, ठिणगी पडते का ते पाहतो. नाहीच पडली तर गावातून नवा आणायचा. फार तर एक दुपार वाया जाते. हाच बोटाएवढा प्लग विमानात असेल आणि खाली वाळवंट किंवा समुद्र असेल, तर त्या बिघाडाचा अर्थच बदलतो.

भारत आणि इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने विमान चालवून पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी 500 पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. मे 1930 मध्ये पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून पश्चिमेकडे निघाले. सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे येत होता. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ जातीची, लहान आणि उघड्या बैठकीची.

इजिप्तमधील अबुकीर येथे जे. आर. डी. उतरले, तेव्हा अस्पी तेथे अडकून पडलेला आढळला. विमानाचा प्लग निकामी झाला होता आणि जवळ जादा प्लग नव्हता.

त्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असत, ते एक बिघडला तरी दुसऱ्याने वेळ मारून न्यावी म्हणून. ही सोय संकटापुरतीच असते. जमिनीवर असतानाच ती वापरून टाकली, तर आकाशात हाती काहीच उरत नाही. एवढ्या लहान वयात, बक्षीस समोर दिसत असताना, थांबून राहण्याचा संयम अस्पीने दाखवला. या कथेतील त्याचा वाटा सहसा कोणी सांगत नाही.

जे. आर. डीं.नी आपल्याजवळच्या जादा प्लगांतून त्याची गरज भागवली. प्रतिस्पर्धी तेथेच अडकला असता, तर शर्यत त्यांचीच होती. शिवाय त्यांच्या स्वतःच्या वाटेवर पुढे भूमध्य समुद्र होता आणि दिलेल्या प्रत्येक वस्तूने त्यांची शिदोरी हलकी होत होती. अस्पीनेही हात आखडता घेतला नाही. आपले जीवनरक्षक जाकीट त्याने त्यांना दिले. त्याला आता समुद्र ओलांडायचा नव्हता, त्यांना होता. व्यवहार म्हणून पाहिले तरी हा सौदा चोख होता.

अस्पी आधी पोहोचला आणि पारितोषिक त्याचे झाले. या विजयामुळे त्याला हवाई दलात प्रवेश मिळण्यास मदत झाली, याचा जे. आर. डीं.ना पुढे आनंदच वाटत असे. 1960 मध्ये एअर मार्शल अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.