कोणत्या आठवड्याचे आकाश?

बुधवार पेठेत राहणाऱ्या माणसाची आकाशाशी ओळख बेताचीच असते. आमच्या वाड्याच्या चौकात उभे राहून वर पाहिले, तर एका बाजूला शेजारच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला गंजलेल्या पत्र्याची पाखी, आणि मध्ये दांडीवर वाळत घातलेल्या धोतराएवढी निळी पट्टी. त्या पट्टीतून एखादे विमान गेलेच, तर ते कोणाचे आणि कुठे निघाले हे कळायच्या आत टाकीआड जाते. अशा घरात वाढलेल्या मुलाला विमानांचे वेड का लागावे, हे आम्हाला पुष्कळ दिवस कोडे होते. आता वाटते, अशा घरात वाढल्यामुळेच लागले असावे.

हा मुलगा म्हणजे आमचा धाकटा भाऊ. आमच्यापैकी एकाचा सख्खा, दुसरीचा दीर. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. २००४ साली आम्ही तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि धाकटा बारावीत होता. त्या वर्षी घरात संगणक आला. तपकीर गल्लीतल्या आणि आजूबाजूच्या दुकानांतून एकेक भाग आणून त्याने तो जोडला, आणि त्यापाठोपाठ 'फ्लाइट सिम्युलेटर २००४'च्या तबकड्या आल्या. त्या कुठून आल्या हे आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षे होत असल्याचे निमित्त साधून मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये ही आवृत्ती काढली होती, त्यामुळे तिच्यात आधुनिक बोइंगबरोबर जुने डाकोटाही उडवता येत असे.

जगभरातले हजारो विमानतळ तिच्यात होते, आणि त्यांत आमचे लोहगावही होते. धावपट्टीची दिशा बरोबर, उंची बरोबर, वारा आडवा आला की विमान भरकटे तेही बरोबर. वास्तववादावर चार व्याख्याने दिलेल्या आमच्यासारख्यांना हा तपशील थक्क करणारा होता. पण आकाशात इतर विमानांची जी वर्दळ दिसे, ती मात्र सगळी खोटी! ऑर्बिट, पॅसिफिका, लँडमार्क, वर्ल्ड ट्रॅव्हल अशी त्यांच्या शेपटांवर नावे. या कंपन्या जगात कुठेच नव्हत्या. खऱ्या कंपन्यांची नावे आणि रंग वापरायचे तर परवानग्यांचे लचांड आले, म्हणून ही सोय. कादंबरीच्या सुरुवातीला 'पात्रे काल्पनिक असून साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा' असे छापतात, त्यातलाच हा प्रकार. आम्हाला तो चालण्यासारखा वाटला. धाकट्याला तो मुळीच चालला नाही. "दादा, पुण्याला ऑर्बिट येते का?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्याच्यासारखे नाराज लोक जगभर होते, असे लवकरच दिसले. कोणी विमानांचे हलके सांगाडे बनवत, कोणी त्यांवर खऱ्या कंपन्यांचे रंग चढवत, कोणी वेळापत्रके लिहीत. सगळे फुकट, सगळे रात्री जागून. वेळापत्रक म्हणजे साध्या मजकुराच्या तीन फायली: एकीत विमाने, दुसरीत विमानतळ, तिसरीत प्रत्येक विमानाचा आठवडा. व्हीटीने सुरू होणाऱ्या नोंदणी क्रमांकाचे अमुक विमान रविवारी दिल्लीहून कधी निघाले, पुण्यात कधी उतरले, पुढे कुठे गेले, रात्री कुठे थांबले. सगळ्या वेळा ग्रीनिचच्या, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. विमानाला आठवड्याच्या अखेरीस पुन्हा सुरुवातीच्या जागी आणून सोडावे लागे, नाहीतर पुढच्या रविवारी त्याचा पत्ता लागत नसे. मग तोच आठवडा अनंतकाळ फिरत राही.

इथे पहिली अडचण उभी राहिली, आणि आमच्या मते तीच या विषयातली खरी अडचण आहे. कोणता आठवडा? विमान कंपन्यांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. त्या काळात तर भारतातले आकाश दर महिन्याला बदलत होते. २००३ मध्ये एअर डेक्कन आली. २००५ मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट आणि गोएअर. २००६ च्या ऑगस्टात इंडिगो. इंडियन एअरलाइन्सने २००५ च्या डिसेंबरात नाव नुसते 'इंडियन' केले आणि शेपटावर कोणार्कच्या चक्राची आठवण देणारे निळे चक्र आणले. पण सगळी विमाने काही एका रात्रीत रंगत नाहीत. महिनोन्महिने जुन्या आणि नव्या रंगांची विमाने शेजारीशेजारी उभी राहत. कोणते रंगले आणि कोणते अजून नाही, याची यादी धाकटा वहीत ठेवत असे. ती वही आमच्या पीएच.डी.च्या टिपणांपेक्षा व्यवस्थित होती, हे इथे कबूल करतो.

दुसरी अडचण अगदीच बुधवार पेठी निघाली. त्याच्या फायली चढवूनही लोहगावला निम्मी विमाने दिसेनात. दोन रात्री शोधल्यावर कळले, की संगणकातल्या लोहगावला विमाने उभी करायला पुरेशा जागा आखलेल्या नव्हत्या. जागा नसली की ते विमान प्रकटच होत नसे. आमच्या गल्लीत दुचाकी लावून दाखवा म्हणावे! त्याने मग स्वतःच्या हाताने जागा आखल्या आणि विमाने आली.

हे काम पाहताना आम्हाला भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होई. तिथेही हाच प्रश्न: कोणता पाठ? प्रत्येक पोथी आपल्या जागी खरी आणि सगळ्या मिळून एकमेकींशी विसंगत. फरक एवढाच, की सुकथनकरांना उपलब्ध पोथ्यांमागचा जुन्यात जुना पाठ शोधायचा होता. विमानांच्या वेळापत्रकाला तसा मूळ पाठच नसतो. ज्या दिवशी ते पूर्ण बरोबर असते, त्याच्या दुसऱ्या दिवशी कुठे तरी एक विमान विकले जाते. म्हणून सिम्युलेटर खऱ्या ताफ्याशी किती जुळतो, हा प्रश्न तारीख जोडल्याशिवाय विचारताच येत नाही. व्यावसायिक वैमानिक ज्या सिम्युलेटरवर शिकतात, त्यात हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे इंजिन बंद पडल्यावर काय करायचे हे महत्त्वाचे, शेजारच्या विमानाचे शेपूट कोणत्या रंगाचे हे नव्हे.

धाकट्याने २००६-०७ चा हिवाळा निवडला, आणि पुढे कितीही बदल झाले तरी तो बदलला नाही.

२००८ मध्ये तो शिकायला जर्मनीला गेला. त्याच वर्षी जुलैत लुफ्तान्साने पुण्याहून थेट फ्रँकफुर्टला विमान सुरू केले होते. गंमत अशी, की नाव लुफ्तान्साचे पण विमान प्रिव्हॅटएअर या स्विस कंपनीचे. छोटे बोइंग ७३७, आणि सगळ्या जागा बिझनेस क्लासच्या. 'ताफा' या शब्दाचा अर्थ किती सैल आहे, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण नसेल. (प्रिव्हॅटएअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली.) ते भाडे आमच्या आवाक्यातले नव्हते. तो मुंबईहून गेला.

विमानतळावर त्याला सोडून आम्ही पहाटे परत आलो, तर आई जागीच होती. "आत्ता कुठे असेल रे?" तिने विचारले. आज भ्रमणध्वनीवर कोणतेही विमान शोधता येते, तेव्हा घरात ती सोय नव्हती. आम्ही संगणक लावला, मुंबई ते फ्रँकफुर्ट अशी सरळ रेघ आखली आणि उशीर हिशेबात धरून विमान सोडले. आई खुर्ची ओढून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण हे त्याचे विमान नाही. त्याच्या शेपटावर पक्षी होता." आम्हाला विमान रंगवता येत नव्हते. तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "असू दे. त्याच वाटेने जाते ना?" आम्ही हो म्हणालो. ते खरे नव्हते. खरे विमान सरळ रेघेने जात नाही. ठरलेले हवाई मार्ग, त्या रात्रीचा वारा आणि कोणत्या देशावरून जायची मुभा आहे, यांवर वाट ठरते. पण आई दुपारपर्यंत त्या रेघेकडे पाहत होती. कराचीच्या बाजूने, इराणवरून, कास्पियनच्या काठाने, ओडेसाजवळून. मध्ये उठून तिने कुकर लावला तेवढाच.

त्या रेघेची आता काय अवस्था आहे पाहा. पाकिस्तानने २०१९ मध्ये बालाकोटनंतर काही महिने आपले आकाश बंद ठेवले; २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झाले आणि ती बंदी वाढतच गेली. युक्रेनचे आकाश २०२२ च्या फेब्रुवारीपासून नागरी विमानांना बंद आहे. २०२५ च्या जूनमध्ये इराणवरची वाहतूकही थांबली होती. सिम्युलेटरमध्ये मात्र ती रेघ आजही बिनबोभाट आखता येते. कोणी अडवत नाही.

२०२० मध्ये आलेला नवा सिम्युलेटर धाकट्याने आम्हाला जर्मनीहून पडद्यावर दाखवला. जमीन उपग्रहाच्या छायाचित्रांची, हवामान त्या क्षणाचे, आणि विमानेही त्या घटकेला खरोखर उडणारी. आम्ही हौसेने पेठेवरून विमान न्यायला सांगितले. आमच्या वाड्याच्या जागी यंत्राने कल्पिलेली एक चौकोनी इमारत उभी होती. एखाद्या बिल्डरने आधीच गाठले म्हणायचे. असो. त्या वर्षी लोहगावची धावपट्टी दुरुस्तीसाठी ऑक्टोबरपासून रात्री बंद होती, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात दोन आठवडे विमानतळ पूर्णच बंद राहिला. नव्या सिम्युलेटरला हे आपोआप कळते: खाली विमान नाही तर पडद्यावरही नाही. वही ठेवायची गरज नाही. पण त्याला २००६ चा हिवाळा विचारला, तर तो काही सांगू शकत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ च्या एप्रिलमध्ये, गो २०२३ मध्ये. विस्तारा २०२४ च्या नोव्हेंबरात एअर इंडियात विलीन झाली. कोणते विमान किती वाजता लोहगावला उतरे, हे आमच्या माळ्यावरच्या त्या जुन्या संगणकात अजून आहे. नव्या सिम्युलेटरची अचूकता आम्हाला मान्य आहे, पण आमचे मत जुन्या फायलींच्या बाजूने आहे. निदान त्यांवर तारीख आहे.

आई २०२१ मध्ये गेली. धाकट्याला येता आले नाही. त्या दिवसांत विमानेच नव्हती म्हटले तरी चालेल.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. आता त्याने नवे खूळ घेतले आहे. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेले डाकोटा मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपाल आणि उतारू यांची अदलाबदल करत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतत. त्याला ही चार विमाने जुन्या सिम्युलेटरमध्ये उडवायची आहेत, आणि वेळा अंदाजे नको आहेत. "दादा, वहिनी, तुम्ही जुनी वर्तमानपत्रे चाळता ना? कुठे छापलेले मिळाले तर बघा. साल नक्की लिहून ठेवा."

पेठेतल्या जुन्या वाचनालयात जाऊन विचारून आलो. शनिवारी या म्हणाले, बाड वरच्या मजल्यावर आहे.